सहा चौकोन, आठ त्रिकोण

आमच्या परळच्या चाळीत दिवाळीला जो मोठा कंदील लागतो, त्याच्या आकाराला भूमितीत स्वतंत्र नाव आहे हे मला इंटर सायन्सला गेल्यावर कळलं. तोपर्यंत माझ्यासाठी तो दादाचा कंदील होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. चाळीत दुसऱ्या कोणाला कंदील करता येत नव्हता असं नाही. पण तो कामट्या तासायला बसला की बाकीचे आपोआप दोरा धरायला नाहीतर खळ शिजवायला बसत.

करायची रीत तशी सोपी आहे. सारख्या लांबीच्या कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. मग एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला बांधत जायचं. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा आणि बाजूचे चार टोकावर उभे. बांधून झालं की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपसूक उरतात. त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. मी लहान असताना दादा मला विचारायचा, "हे त्रिकोण कोणी केले, सांग?"

"तू."

"मी कुठे? मी चौकोनच केले."

मला ते काहीतरी जादूचं वाटायचं, आणि मला तसं वाटतंय याची त्याला गंमत वाटायची.

दादा परळच्याच एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होता. बाबाही आधी तिथेच होते, पण छातीच्या दुखण्याने घरी बसले होते. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतसुद्धा कोणी पोचलेलं नव्हतं. मी पास झाले तेव्हा गावाहून थोरल्या काकांचा निरोप आला की आता स्थळ बघा. दादाने तो निरोप ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला दादरच्या कॉलेजात घेऊन गेला. गेटपर्यंतच. आत यायला तो तयार होईना. म्हणाला, "माझ्या कपड्यांना तेलाचा वास येतो. तू जा."

छप्पन्न सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ठरलं आणि आमच्या भागात हरताळ, मोर्चे आणि गोळीबार सुरू झाले. लालबागच्या रस्त्यावर दगडांचा खच पडला होता. अशाच एका दिवशी दादाने सकाळी चहा घेतला आणि "नाक्यापर्यंत बघून येतो" म्हणून चप्पल घातली. वहिनीने त्याला थांबवलं नाही, कारण तो रोजच असा बघून येत होता. त्या दिवशी तो आला नाही. नंतरही आला नाही.

आम्ही सगळीकडे शोधलं. इस्पितळात, चौकीवर, तुरुंगाच्या दारात. बाबा खोकत खोकत सगळीकडे आले. एकाने सांगितलं, लालबागला गोळी लागून पडलेल्यांना गाडीत भरताना त्याने दादासारखा सदरा पाहिला. दुसऱ्याने सांगितलं, दादाला धरून नाशिकच्या तुरुंगात नेलंय. नाशिकला माणूस पाठवला, तर तिथे तो नव्हता. असं करत करत पावसाळा गेला. सांगणारे कमी झाले, विचारणारेही कमी झाले. वहिनी रोज सकाळी कुंकू लावत होती. चाळीतल्या बायका तिच्याशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघायचं टाळायच्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी कॉलेजात जात राहिले. जाऊ नये असं मला वाटत होतं, पण घरी बसून काय करणार तेही कळत नव्हतं. गणिताचे आमचे प्राध्यापक इंग्रजीत शिकवायचे आणि मला अर्धं समजायचं. एके दिवशी त्यांनी कपाटातून लाकडी आकार काढून टेबलावर ठेवले. ज्यांची सगळी तोंडं सारखी आणि सगळे कोपरेही सारखे असतात असे ठोकळे फक्त पाचच असू शकतात, सहावा कोणालाही बनवता येणार नाही, असं ते म्हणाले. मग बहुधा आमची तोंडं बघून ते मराठीत आले. जुन्या ग्रीक लोकांनी या पाचांना अर्थ दिले होते. चार त्रिकोणांचा तो अग्नी, कारण त्याची टोकं सगळ्यांत बोचरी. घन म्हणजे पृथ्वी. त्यांनी घन टेबलावर ठेवून बोटाने ढकलला. तो सरकला, पण कलंडला नाही. आठ त्रिकोणांचा त्यांनी दोन बोटांच्या टोकांत धरला आणि फुंकर मारली, तर तो भिरभिरला. हा वायू. वीस त्रिकोणांचा हातातून टेबलावर सोडला, तो घरंगळत कडेपर्यंत गेला. हे पाणी. आणि बारा पंचकोनांचा पाचवा, तो सबंध आकाशाचा. "आपल्या पंचमहाभूतांसारखंच," ते म्हणाले. मुलं हसली. पहिल्यांदाच वर्गात मला एखादी गोष्ट संपू नये असं वाटलं.

मी टेबलावर दादाचा कंदील शोधत होते. तो नव्हता.

त्या रात्रभर मला तेच सुचत होतं, असं म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जुन्या पुठ्ठ्याचा एक छोटा आकार करून नेला, सहा चौकोन आणि आठ त्रिकोण. तास संपल्यावर प्राध्यापकांच्या मागे दारापर्यंत गेले. विचारायचं धाडस होईना. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय हवंय?"

मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी तो फिरवून बघितला आणि त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. "हा त्या पाचांतला नाही. याची सगळी तोंडं सारखी नाहीत. घनाचे कोपरे छाटत छाटत कडांच्या मध्यापर्यंत गेलीस की हा मिळतो. आणि मजा अशी की त्या आठ त्रिकोणांच्या ठोकळ्याचे कोपरे तसेच छाटलेस तरी हाच मिळतो."

"म्हणजे सर, पृथ्वीपासूनही होतो आणि वायूपासूनही?"

"हो."

"मग याचा अर्थ कोणता धरायचा? पृथ्वी का वायू?"

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. "त्या ग्रीकांनी याला काहीच दिलं नाही. पाच तत्त्वं पाचांना वाटून टाकली. याच्या वाट्याला काही उरलं नाही. का गं, असं का विचारतेस?"

मी "सहज" म्हणाले.

घरी येऊन मी ते वहिनीला सांगितलं. वहिनी गिरगावात मामाकडे वाढलेली. तिचं बोलणं आमच्यासारखं मालवणी नव्हतं, त्यावरून आई तिला अधूनमधून टोमणा मारायची. माझ्याशी मात्र ती अगदी बरोबरीने बोलायची. तिने पुठ्ठा हातात घेतला आणि म्हणाली, "म्हणजे जमीनही नाही आणि वाराही नाही. मग वन्सं, त्यात राहायचं कोणी?"

मी म्हटलं, "राहायला नाही गं, नुसता अर्थ."

"तेच विचारतेय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

दिवाळी जवळ आली तसे गावाहून थोरले काका आले. बाबांचे ते मोठे भाऊ, घरातले शेवटचा शब्द टाकणारे. त्यांनी जेवण झाल्यावर सुपारी कातरत विषय काढला. "दर्भाचो पुतळो करून अग्नी देवया. असो माणूस मधीच रवता कामा नये. त्याका पण गती मिळूची नाय आणि घराक पण."

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "भावजीनू, तुमी मढा बघलात?"

"कोणी जितो तरी बघल्यान काय?"

"माझो झील माका सांगल्याशिवाय जाऊचो नाय."

"तो सांगानच गेलो, नाक्यार जातंय म्हणान," काका म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. ते सुपारीच कातरत राहिले. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, "चेडू कॉलेजात जाता मा? विचारा तिका. पुस्तकात काय लिवलेला आसा?"

बाबा भिंतीला टेकून बसले होते. वहिनी आत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. आमची खोली केवढी, आत म्हणजे पडद्यापलीकडे.

विधी झाला की वहिनीचं कुंकू जाणार हे कोणी बोललं नाही, पण सगळं त्याच्याभोवतीच चाललं होतं. आई म्हणाली, या वर्षी फराळ करायचा. सुतक असलेल्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. चढली म्हणजे सुतक नाही. तिने रवा, खोबरं आणायला लावलं आणि वहिनीला करंज्या लाटायला बसवलं. काकांनी गावची गाडी धरली. जाताना म्हणाले, "करा मग काय करूचा ता."

त्याच सुमारास दादाचा दोस्त आमच्या दारात आला. तो आमच्याच मजल्यावर राहायचा आणि दादाच्याच खात्यात होता. "कंदिलाचं माप तूच सांग. तू कॉलेजात तेच शिकतेस ना? गेल्या वेळी त्याने सांगितलेला हिशोब आमच्या कोणाच्या डोक्यातच नाही राहिला."

मला फार आनंद झाला. मोठा कंदील चढणार, म्हणजे चाळही आईच्या बाजूने आहे, असं मी समजले. गॅलरीत बसून मी कामट्या मोजून दिल्या. वहिनीने दोऱ्याच्या गाठी मारल्या. सांगाडा उभा राहिला तेव्हा दोस्ताने त्याला एका बोटाने गिरकी दिली. "आयला, जमला की! पोरींनी केलेला पहिला कंदील." वहिनी हसली. ती हसली हे मी आईला जाऊन सांगितलंसुद्धा. कागद लावायचं काम मुलांनी खालच्या मंडळाच्या खोलीत करायचं ठरलं.

त्या दिवाळीच्या तोंडावरच द्विभाषिक राज्य सुरू झालं. गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र, मुंबई त्यातच. लोक म्हणायचे, इतकी माणसं गेली ती यासाठी? चाळीत कोणाला दिवाळी करायची इच्छा राहिली नव्हती. काही घरांनी दारात रांगोळी काढली नाही. मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते मला त्यावरून समजायला हवं होतं की नाही, मला सांगता येत नाही. मला ते समजलं नाही एवढं खरं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी कंदील चढवला. बरोबर आमच्या दारासमोर, गॅलरीच्या कठड्याबाहेर काढलेल्या बांबूवर. सगळा काळा. वरचा उघडा ठेवतात तो सोडून पाचही चौकोन, आठही त्रिकोण, शेपट्यासुद्धा काळ्या घोटीव कागदाच्या. एका चौकोनावर पांढऱ्या कागदाची अक्षरं चिकटवली होती, 'झालाच पाहिजे'. त्याच्या शेजारच्यावर 'हुतात्मा', आणि त्याखाली दादाचं नाव.

आत बल्ब लावला होता. काळ्या कागदातून उजेड बाहेर येत नव्हता. वरच्या उघड्या चौकोनातून निघालेला उजेड छपराच्या पत्र्यावर पडला होता, तेवढाच.

खाली अंगणात मुलं रांगेत उभी होती. त्यांनी टोप्या काढल्या होत्या. कोणीतरी घोषणा दिली आणि सगळ्या मजल्यांवरून तिला उत्तर आलं. मला रडू आलं. ते अभिमानाने आलं का कशाने, त्या क्षणी मला कळलं नाही.

आई बाहेर आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने रंग बघितला.

"हो काळो कित्या? काय लिवलास त्याच्यार?"

दोस्त पुढे झाला. "काकी, मान दिलाय आम्ही. आख्ख्या चाळीचा कंदील त्याच्या नावाने."

"जित्या माणसाच्या नावान काळो कंदील? तुझ्या आवशीक सांग तुझ्या नावान लावूक! काड तो!"

"काकी, रागावू नका. पण लालबागला सगळ्यांनी बघितलंय..."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी? हाड त्याका माझ्यासमोर! कोणी बघल्यान, हाड!"

कोणी पुढे आलं नाही. एका म्हाताऱ्याने वरच्या मजल्यावरून सांगितलं, "काढा रे पोरांनो, त्या माउलीला त्रास होतोय." एक मुलगा खरोखरच बांबूच्या दोरीला हात घालायला गेला. त्या वेळी बाबा दारात आले. दादा गेल्यापासून त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नव्हता.

"रवांदे," बाबा म्हणाले. "लायलाहात मा, मगे रवांदे."

दोरीकडे गेलेल्या मुलाने हात मागे घेतला. आईने बाबांकडे बघितलं. बाबा परत आत जाऊन भिंतीला टेकून बसले.

ती दिवाळी कशी गेली ते मी थोडक्यातच सांगते. दुसऱ्या सकाळपासून चाळीतल्या घराघरांतून फराळाची ताटं आमच्याकडे यायला लागली, झाकलेली. सुतकाच्या घरी तळण होत नाही म्हणून शेजारी नेऊन देतात, ती पद्धत आहे. चकल्या, अनारसे, शंकरपाळे. आमच्या घरात आईच्या करंज्यांचा डबा भरलेला होता, पण कोणी तो बघायला थांबलं नाही. देणारी बाई हलक्या आवाजात बोलायची, आणि ताट रिकामं करून द्यायला गेलं तर म्हणायची, "राहू दे गं, मग दे." त्या सगळ्यांचं मन चांगलं होतं, हे मला आजही वाटतं. शेजारच्या खोलीतली बाई करंडा घेऊन आली. तिने आईला कुंकू लावलं, मला लावलं. वहिनी माझ्या शेजारीच उभी होती. बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि करंडा मिटला.

इतके महिने काकांनी, पोलिसांनी, इस्पितळाने जे ठरवलं नव्हतं ते एका कंदिलाने ठरवून टाकलं. मी त्या बाईशी भांडू शकले असते. पण काय म्हणून? तो जिवंत आहे म्हणून? हे मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. आणि नाही, असंही म्हणता आलं नसतं.

पाडव्याला वहिनी दिवसभर पडद्यामागे होती. त्या दिवशी बायका नवऱ्याला ओवाळतात.

भाऊबीजेला संध्याकाळी आईने पाट मांडला आणि पाटाभोवती रांगोळी काढली, दर वर्षी काढायची तशी. मला म्हणाली, "तबक कर." मी निरांजन, सुपारी, अक्षता घेतल्या. आई दाराकडे तोंड करून बसली. मी तबक हातात घेऊन उभी. असा किती वेळ गेला असेल, शेजारच्या बाईलाच राहवलं नाही. तिने दारातून सांगितलं, "चंद्राला ओवाळ गं, मावळेल आता."

आई एकदम म्हणाली, "चंद्राक भाव नसलेली ओवाळतत."

"ज्यांचे लांब असतात त्याही ओवाळतात हो, काकी," ती बाई म्हणाली. समजुतीने म्हणाली.

मी गॅलरीच्या टोकाला गेले. तिथून गिरणीची करवतीसारखी छपरं दिसतात आणि त्यांच्यावर थोडं आभाळ. चंद्र खूप खाली आला होता, नखाएवढा. धुराड्याच्या धुरात मधूनच पुसट व्हायचा. मला शिकवलेलं होतं की चंद्र तिथे अख्खा गोल असतो, आपल्याला त्याची उजेडातली कडच तेवढी दिसते. त्याचा काही उपयोग झाला नाही. भाऊ नसलेली आणि भाऊ लांब असलेली, दोघी सारखंच ओवाळतात. त्यातली तू कोणती हे कोणी विचारत नाही. पण मला ते ठरवल्याशिवाय हात उचलता येईना. मी ठरवत राहिले, तोवर चंद्र धुरामागे गेला आणि परत दिसलाच नाही.

पाठीमागे बांगड्या वाजल्या नाहीत म्हणून वहिनी आल्याचं मला कळलं नाही. ती कठड्याला टेकली. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या सामायिक मोरीत जाऊन तोंड धुऊन आली होती. केस ओले होते. कपाळ धुतलेलं होतं आणि रोज कुंकू असायचं तिथली कातडी वेगळी, फिकट दिसत होती.

"वहिनी, हे काय केलंस?"

"धुतलं."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. रोज सकाळी आरशासमोर उभी राहते आणि मला ठरवायला लागतं, वन्सं. आहे का नाही. तुम्ही सगळे म्हणता थांबू या. तुम्ही बसून थांबता. मला रोज बोट बुडवायला लागतं." तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "कंटाळले मी."

"आणि तो आला तर?"

तिने मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, मला कळलं नाही. मग माझ्या हातातल्या तबकाकडे बघून म्हणाली, "ओवाळलंस?"

"चंद्र गेला."

"तिकडेच होता ना? तिकडे ओवाळ."

मी ओवाळलं. धुराकडे बघून. अक्षता खाली अंगणात पडल्या असतील.

आत आई अजून पाटापुढे बसली होती. रांगोळीवर कोणाचा पाय पडू नये म्हणून दाराच्या अगदी मधोमध. खोलीला दुसरं दार नाही. वहिनीला आत जायचं तर आईच्या समोरूनच जायला लागणार होतं, आणि आई तोंड वर करून दाराकडेच बघत होती. आम्ही दोघी कठड्याला धरून उभ्या राहिलो. आधी कोणी हलायचं ते दोघींनाही कळत नव्हतं.